गाडीचा फ्यूल पंप: ओळखायचा कसा, जपायचा कसा, बदलायचा कसा

गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाही. किंवा सकाळी ठीक चालते, दुपारी सिग्नलला बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होते. सोलापुरात एप्रिल-मे लागला की या दोन तक्रारी हमखास कानावर येतात आणि ऐकणारा सांगून मोकळा होतो, "पंप गेला असणार." पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा फ्यूल पंप. कधी तो खरंच गेलेला असतो. पण कितीतरी वेळा दोष किरकोळ किमतीच्या फ्यूजमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा पंपाच्या तुंबलेल्या जाळीत असतो आणि मालक हजारो रुपयांची नवी असेंब्ली, म्हणजे अख्खा पंपाचा संच, बसवून घेतो. म्हणून पंप बदलायची कृती पुढे सविस्तर दिली असली, तरी माझा खरा आग्रह वेगळा आहे. पंपच दोषी आहे हे आधी सिद्ध करा, मगच त्याच्यापर्यंत पोचायला मागची सीट उचला.

हे सगळं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनाला लावलेला डायफ्रामचा पंप असायचा, त्याचं काम वेगळं. कॉमन रेलच्या डिझेल गाड्यांच्या वाटेला घरी जाऊच नका. त्या लाइनमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो आणि सुईएवढी धारसुद्धा कातडीतून आत शिरते.

पंप असतो कुठे आणि करतो काय

बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. सीटचं बूड उचललं की खाली पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं गोल झाकण दिसतं. त्याखाली पंपाची असेंब्ली टाकीत उभी सोडलेली असते. तिच्यात मोटर आणि पंप एकत्र, तळाला जाळी, बाजूला पेट्रोलच्या काट्यासाठी तरंगता फ्लोट आणि बऱ्याच नव्या गाड्यांत दाब ठरावीक ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर नि फिल्टरही असतो. काही गाड्यांत फिल्टर बाहेर, चॅसीच्या कडेला असतो. आपल्या गाडीत तो कुठे आहे हे पुस्तकात बघून ठेवा, पुढे कामाला येतं.

चावी ऑन केली की पंप साधारण दोन सेकंद फिरतो, इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. इंजिन फिरू लागलं की कॉम्प्युटर त्याला पुन्हा करंट देतो. इंजिन बंद पडलं तर पंपही बंद होतो. अपघातानंतर पेट्रोल सांडत राहू नये, म्हणून ही सोय आहे. साध्या मल्टीपॉइंट इंजेक्शनला सुमारे ३ ते ४ बार दाब लागतो. गाडी बंद केल्यावरही आतल्या एकतर्फी व्हॉल्व्हमुळे हा दाब बराच वेळ टिकतो, म्हणून सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की पेट्रोल या पंपाच्या मोटरमधूनच वाहतं. तेच तिला थंड ठेवतं आणि तेच वंगणाचं काम करतं. पेट्रोलमध्ये बुडालेल्या मोटरला आग का लागत नाही, असं नवीन माणूस हमखास विचारतो. जळायला पेट्रोलबरोबर हवा लागते आणि मोटरच्या आत हवा नसते. धोका असतो तो टाकी उघडल्यावर, वाफ नि हवा एकत्र आल्यावर.

पंपाला मारतं कोण

पहिला शत्रू म्हणजे रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय. असेंब्लीत पंपाभोवती एक छोटी टाकी असते आणि पेट्रोल कमी झालं तरी तिच्यात थोडं टिकून राहतं, त्यामुळे काटा खाली आला की लगेच पंप उघडा पडतो असं नाही. पण चढावर, वळणावर, जोरात ब्रेक मारल्यावर तीही रिती होते आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. शिवाय थोडं पेट्रोल लवकर तापतं. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर, खाली तापलेला डांबरी रस्ता, वर पंपाची स्वतःची उष्णता, अशात तळाशी राहिलेल्या चार-पाच लिटरची वाफ व्हायला लागते आणि वाफेवर दाब बनत नाही. उन्हाळ्यात काटा पाव टाकीच्या खाली जाऊ द्यायचा नाही. या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

दुसरा शत्रू गाळ. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ कुठेही शिरते. पेट्रोलच्या झाकणाचं रबर फाटलं असेल किंवा झाकण पेट्रोल पंपावर विसरून आठवडाभर फडकं कोंबून गाडी फिरली असेल, तर ती धूळ थेट टाकीत. जुन्या पत्र्याच्या टाकीत गंजही असतो. हा सगळा माल जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की पंपाला ओढायला जोर लागतो, मोटर तापते, आवाज करते आणि शेवटी बसते. मेलेल्या पंपाकडे सगळे बघतात, जाळीकडे कुणी बघत नाही.

तिसरा म्हणजे पाणी. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथे इथेनॉल कुणाला नवं नाही. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. पंप ओढतो तोही तळातूनच. रोज फिरणाऱ्या गाडीला याचा त्रास सहसा होत नाही, कारण पेट्रोल बदलत राहतं. पण मुलगा पुण्याला गेला आणि गाडी चार महिने अंगणात अर्ध्या टाकीने उभी राहिली, की आत दमट हवा येत-जात राहते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांत रबर नि प्लास्टिक या पेट्रोलला चालणारं असतं. त्याआधीच्या गाडीचे नळ्या-रबर मात्र दर सर्व्हिसिंगला बघून घ्या. चिकट, फुगलेलं किंवा तडकलेलं रबर दिसलं की बदला.

सीएनजीवाल्यांसाठी एक वेगळा शब्द. गॅस स्वस्त पडतो म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन्महिने तळाला ठेवायची हे पंपाच्या जिवावर बेततं. गाडी चालू पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते. काही बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तर गॅसवर चालतानाही पंप फिरतच राहतो, तोही जवळजवळ कोरड्या टाकीत. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे जुनं पेट्रोल संपतं आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही मोकळे राहतात.

चौथं कारण वायरिंग. बॅटरी मेलेली, कनेक्टर काळा पडलेला, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला, असं असलं की पंपाला पुरे व्होल्टेज मिळत नाही. तो हळू फिरतो, दाब कमी बनतो आणि आपण नव्या पंपाचे पैसे मोजतो. नवा पंपही त्याच वायरीवर तसाच हळू फिरतो.

लक्षणं

पंप एकदम मरण्याआधी बहुधा सूचना देतो. सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. मागच्या सीटखालून सतत बारीक किणकिणता आवाज येतो, पूर्वी तो ऐकू येत नसे. गावात गाडी ठीक चालते, पण जोर लागला की पिकअप जातो. तुळजापूरच्या घाटात पाच माणसं, एसी चालू, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही आणि झटके देते, हे त्याचं नेमकं चित्र. सपाटीवर कमी पेट्रोल लागतं तेवढं अशक्त पंप पुरवतो, चढावर मागणी वाढली की हात टेकतो.

पण हीच लक्षणं तुंबलेल्या फिल्टरची, ठिणगी देणाऱ्या खराब कॉइलची, घाण इंजेक्टरची असतात. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणं हे तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचंही ठरलेलं लक्षण आहे. म्हणून लक्षणावरून फक्त संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही.

निकाल देण्याआधी

सगळ्यात आधी टाकीत पाच लिटर पेट्रोल घाला. फ्लोट अडकला की काटा खोटं बोलतो, आणि पेट्रोल संपलेल्या गाडीचा पंप खोललेला मी पाहिला आहे.

मग कान लावा. गाडी शांत ठिकाणी उभी करा, एसी नि म्युझिक बंद, एकाला मागच्या सीटवर बसवून कान सीटला टेकवायला सांगा आणि चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. 'घुंऽऽ' असा दोन सेकंदांचा आवाज येऊन थांबला, तर पंपाला करंट येतोय नि मोटर फिरतेय. लाइनमध्ये दाब आधीच भरलेला असला तर आवाज जरा दबका येतो, म्हणून रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी ऐकलेलं चांगलं. काही नव्या गाड्यांत दरवाजा उघडताच पंप फिरतो, तेव्हा तो आवाजही लक्षात घ्या. आवाज खरखरीत, चढउतार होणारा असेल तर मोटर थकली आहे.

आवाजच नसेल तर फ्यूज बघा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. फ्यूज जळलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही लगेच जळला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून गाडी चालवणं हा पेट्रोलच्या टाकीशी खेळ आहे, तो कुणी सुचवला तरी ऐकू नका. त्यानंतर रिले, म्हणजे पंपाचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. त्याच बॉक्समध्ये बऱ्याचदा हॉर्नचा किंवा एसीचा रिले त्याच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. गाडी चालू झाली तर काम तिथेच मिटलं.

फोर्ड आणि फियाटच्या काही मॉडेलांत धक्का बसल्यावर पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच असतो. खड्ड्यात जोरात आदळल्यानंतर गाडी बंद पडली असेल तर आधी तो दाबून बघा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर चोरी रोखणारा इमोबिलायझर अडवतोय, पंपाला हात लावायचं कारण नाही.

आता मल्टिमीटर. इथे नवखे हमखास फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर व्होल्टेज मोजलं की १२.५ दिसतं आणि माणूस म्हणतो करंट बरोबर येतोय, पंपच गेला. पण उघड्या पिनांवर भारच नसतो. गंजलेली, एका धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा भाराविना पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप फिरताना पाच-सहा अँपिअर ओढायला लागला की त्याच वायरीत दोन-तीन व्होल्ट हरवतात. म्हणून कनेक्टर जोडलेलाच ठेवा, मागच्या बाजूने वायरीशेजारून मीटरचा बारीक प्रोब सरकवा आणि दुसऱ्या माणसाला चावी ऑन करायला सांगा. त्या दोन सेकंदांत आकडा वाचायचा. बॅटरीवर जेवढे व्होल्ट आहेत त्यापेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी चालेल. १० दिसले तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. मग अर्थिंगची, बहुधा काळी, वायर बॉडीला जिथे बोल्टने जोडली आहे ती जागा शोधा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि पुन्हा मोजा. पंपासाठी वेगळं कंट्रोल मॉड्यूल असलेल्या नव्या गाड्यांना मात्र हा हिशेब लागू नाही, तिथे मीटरचा आकडा फसवतो. ती गाडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावरच, तपासावी.

पुरं व्होल्टेज येतंय, अर्थिंग चांगलं आहे, तरी मोटर फिरत नाही, म्हणजे पंप गेला. फिरतेय पण गाडी ओढत नाही, तर प्रेशर गेज लावायला हवं. गेज घरी नसतो, पण चांगल्या गॅरेजमध्ये असतो, आणि हे मोजमाप करून घ्यायला लाजू नका. "आधी प्रेशर बघा, आकडा मला दाखवा, मग बोलू," एवढंच म्हणायचं. दाब कमी असेल तर आधी बाहेरचा फिल्टर बदलून पुन्हा मोजायचं. इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरत असेल तर एकतर्फी व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. घरच्या घरी याची एक सोपी खूण आहे. सकाळी चावी तीन वेळा ऑन-ऑफ करा, दर वेळी दोन सेकंद थांबा, मग सेल्फ मारा. एरवी लांब सेल्फ घेणारी गाडी अशी पटकन चालू झाली तर लाइनमधला दाब रात्रीत उतरतो आहे.

जुळे सोलापुरातल्या आमच्या एका शेजाऱ्यांच्या गाडीला एका गॅरेजने नवी असेंब्ली बसवली आणि आठवड्याने गाडी पुन्हा बंद पडली. शेवटी सापडला तो सीटखालचा काळा पडलेला कनेक्टर. एक पिन उष्णतेने वितळून सैल झाली होती. वायरीसकट नवा कनेक्टर लावला आणि गाडी तेव्हापासून चालते आहे. जुना पंप तोवर भंगारात गेला होता.

घरी करायचं की गॅरेजला न्यायचं

सीटखाली झाकण असेल, गाडी वॉरंटीच्या बाहेर असेल, हाताशी एक समंजस माणूस असेल, तर हे काम घरी होतं. झाकण नसेल नि टाकीच खाली उतरवावी लागत असेल तर गॅरेजला न्या. लिफ्टशिवाय भरलेली टाकी उतरवणं घरचं काम नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत इंजिनावर दुसरा जास्त दाबाचा पंप असतो, त्यालाही हात लावू नका. टाकीतला साधा पंप बदलायचा असेल तरी त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच.

असेंब्ली की नुसती मोटर, हा प्रश्न येतोच. नुसती मोटर पुष्कळ स्वस्त मिळते आणि जुन्या असेंब्लीत बसवताही येते. पण तिच्याबरोबर छोटी नळी, क्लिप, जाळी नि रबर नवं घ्यावं लागतं, आणि प्लास्टिकचे लॉक उघडताना तुटले की सगळंच वाया जातं. गाडी सात-आठ वर्षांची झाली असेल, फ्लोटही अधूनमधून खोटं बोलत असेल, तर पूर्ण असेंब्ली घ्या. गाडी जुनी, पण असेंब्लीचं प्लास्टिक धडधाकट नि काटा खरा असेल तर अनुभवी माणसाकडून मोटर बदलून घ्या. माझं मत पहिल्या बाजूला झुकतं, कारण हे काम वर्षाने पुन्हा करायला कुणालाच आवडत नाही.

सुटा भाग घेताना दुकानदाराला गाडीचं नाव सांगून भागत नाही. चॅसी नंबर द्या, पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतल्या पंपांचा दाब नि कनेक्टर वेगळा असू शकतो. कंपनीचा अस्सल पार्ट किंवा बॉश, डेन्सोसारख्या मोठ्या नावाचा घ्या, पाकिटावरचं लेबल, एमआरपी नि पार्ट नंबर नीट वाचा आणि पक्कं बिल मागा. बरोबर गळती अडवणारं नवं रबर गॅस्केट आलंय का हे काउंटरवरच उघडून बघा.

जागा, वेळ आणि आगीची तयारी

उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला सुरू करा आणि ऊन चढायच्या आत संपवा. जागा उघडी हवी. अपार्टमेंटचं तळमजल्यावरचं पार्किंग यासाठी वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि त्याच पार्किंगमध्ये मीटरबोर्ड, लिफ्ट नि आपोआप चालू होणारी पाण्याची मोटर असते. अंगणात करत असाल तर कूलर, टेबल फॅन, मिक्सर काही जवळ चालू नको. त्यांच्या मोटरीत ठिणगी पडते. तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी शेगडी, शेजाऱ्याची बिडी, सगळं बघून घ्या. मुलांना लांब ठेवा.

कोरड्या पावडरचा एबीसी अग्निशामक हाताच्या अंतरावर, पिन कशी काढायची हे वाचून झालेला. जोडीला वाळूची बादली. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, आग तरंगत पसरते. नायलॉनचा शर्ट नको, सुती कपडे घाला. रबरी नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. सीएनजी गाडीत गॅस सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा.

टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असावी, एरवी नको म्हटलं तरी या एका दिवशी. जास्त असेल तर आधीच फिरवून संपवा. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायचा प्रकार करू नका, फुप्फुसात गेलेलं पेट्रोल जीवघेणं असतं.

उतरवणं

पहिल्यांदा दाब काढायचा. पंपाचा फ्यूज किंवा रिले उपसा, गाडी चालू करा. ती काही क्षणांत आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. गाडी चालूच होत नसेल तर नुसता सेल्फ मारा. पेट्रोलचं झाकण उघडून टाकीतली हवा मोकळी करा. आता चावी काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला बांधून ठेवा.

मागच्या सीटचं बूड काही गाड्यांत पुढच्या कडेला दोन ठिकाणी वर ओढलं की क्लिपमधून सुटतं, काहींत बोल्ट असतात. खालचं झाकण स्क्रूने किंवा काळ्या चिकट सीलंटने लावलेलं असतं. झाकण उघडलं की आत जे दिसेल त्याने घाबरू नका. सोलापूरच्या गाडीत तिथे बोटभर धूळ, शेंगांची टरफलं आणि एखादं नाणं असतंच. ही सगळी घाण टाकी बंद असतानाच काढायची. मऊ ब्रश, मग ओलसर फडकं, असेंब्लीला टाकीवर घट्ट धरणाऱ्या रिंगच्या खाचेत टूथब्रश. व्हॅक्युम क्लिनर वापरायचा तर आत्ताच, पेट्रोलचा वास नसताना, आणि नंतर तो घरात नेऊन ठेवायचा. इथे घालवलेली पंधरा मिनिटं नव्या जाळीचं आयुष्य ठरवतात.

मोबाइलने दोन-तीन फोटो काढा आणि मोबाइल लांब ठेवा. असेंब्लीच्या डोक्यावर एक बाण किंवा खूण असते, ती टाकीवरच्या कोणत्या खुणेसमोर आहे हे मार्करने रेघ ओढून ठेवा. गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर करंट उतरवा.

विजेचा कनेक्टर लॉक दाबून काढा. पेट्रोलच्या नळीवर फडकं धरा, कारण दाब काढला तरी थोडं उडतंच. नळीच्या टोकाला बाजूचे दोन कान किंवा रंगीत लॉक असतो, तो दाबून नळी सरळ ओढा. वाकवून, पक्कडीने पिळून काढली की प्लास्टिकची नळी तडकते आणि ती अख्खी लाइन बदलावी लागते. धूळ बसून लॉक अडकला असेल तर नळी आधी आतल्या बाजूला ढकला, फिरवा, मग लॉक दाबून ओढा.

आता मोठी रिंग. तिच्यासाठी पाना मिळतो, तोच बरा. नसेल तर लाकडी ठोकळा किंवा पितळी पट्टी रिंगच्या कानाला लावून रबरी हातोडीने आळीपाळीने हलके टोले द्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हर नि लोखंडी हातोडी इथे चालत नाही, ठिणगीची भीती खरी आहे. काही गाड्यांत रिंगऐवजी गोलाकार बोल्ट असतात, ते समोरासमोर थोडे थोडे सैल करत काढा.

असेंब्ली सरळ वर येत नाही. फ्लोटचा दांडा आडवा असतो. थोडी वर घ्या, तिरपी करा, दांडा भोकातून सावकाश सोडवा. वाकला तर काटा कायमचा चुकतो. असेंब्लीतल्या छोट्या टाकीतलं पेट्रोल मोठ्या टाकीतच निथळू द्या, मग जाड पिशवीत किंवा ट्रेमध्ये ठेवा.

टाकीत डोकावताना

नवी असेंब्ली घाईने आत सोडू नका. स्फोटापासून सुरक्षित अशी टॉर्च बाहेर, लांब धरून तिचा उजेड आत पाडा, नाहीतर सूर्यप्रकाश पुरतो. तळाला काय दिसतं ते शांतपणे बघा. तांबूस गाळ म्हणजे गंज. पारदर्शक गोळे इकडून तिकडे सरकताना दिसले तर ते पाणी. काळपट चिखल म्हणजे बाहेरून आलेली धूळ. जुनी जाळी पांढऱ्या कागदावर ठेवा. ती चहाच्या गाळणीसारखी दिसते, आणि तिच्यावर काय साचलंय त्यावरून गेल्या काही वर्षांत या गाडीने काय प्यायलं ते कळतं.

थोडा गाळ धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घेता येतो. पाणी किंवा जास्त गंज असेल तर टाकी उतरवून धुवायला द्या. तशीच ठेवून नवा पंप बसवला तर तो काही महिन्यांचा सोबती. टाकीच्या भोकावर तोवर स्वच्छ सुती फडकं टाकून ठेवा.

बसवणं

नवी असेंब्ली जुन्याशेजारी ठेवून ताडून बघा. उंची, कनेक्टर, नळ्यांची तोंडं, फ्लोटची दिशा सारखी हवी. नवा पंप बॅटरीला लावून 'फिरतो का' असं कोरडा फिरवून बघू नका, पेट्रोलविना काही सेकंदही त्याला घातक असतात.

जुनं गॅस्केट पेट्रोल पिऊन फुगलेलं असतं, बाहेर काढलं की पुन्हा खाचेत बसत नाही. नवंच लावा. खाच पुसून कोरडी करा. वरून सिलिकॉन किंवा एम-सील फासायचं नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये मऊ होऊन त्याचे तुकडे टाकीत पडतात आणि जाळीवर बसतात.

फ्लोट आधी आत घाला, असेंब्ली तिरपी करून सोडा, मार्करच्या रेघा जुळवा. वरून हाताने दाबून धरा, कारण खाली स्प्रिंग असते, आणि रिंग हाताने पहिले आटे पकडेपर्यंत फिरवा. आटे वाकडे पकडले तर उलटी फिरवून पुन्हा. मग पान्याने खुणेपर्यंत. बोल्ट असतील तर समोरासमोर, समान. नळ्या 'टक' आवाज येईपर्यंत ढकला आणि प्रत्येक नळी ओढून बघा. आवाज आला नाही तर ती बसलेली नाही, मग दिसायला कितीही बसलेली दिसो. कनेक्टर लावा.

सीट अजून बसवायची नाही. आधी गाडीची दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्या. मगच फ्यूज जागेवर, त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह. चावी ऑन करा, दोन सेकंद, ऑफ. असं तीन-चार वेळा, सेल्फ न मारता. दर वेळी दुसऱ्या माणसाने नळीच्या तोंडाकडे नि रिंगच्या कडेकडे बघायचं. थेंब दिसला की थांबा, बॅटरी सोडा, पुन्हा बसवा. कोरडं असेल तर गाडी चालू करा आणि पाच मिनिटं तशीच ठेवून पुन्हा बोट फिरवून बघा. त्यानंतर झाकण, त्याचं सीलंट, सीट. झाकण धूळबंद बसलं पाहिजे, फाटलं असेल तर नवं घ्या.

टाकी पूर्ण भरून आणा. काटा वरपर्यंत गेला, वास आला नाही आणि टाकीखाली ओल नाही, म्हणजे गॅस्केट बसलं. भरल्या टाकीवर केलेली ही तपासणी सोडू नका, कारण पाव टाकीला गळती कळत नाही. दोन दिवसांनी एकदा सकाळी दारं उघडून आधी वास घ्या. इंजिनचा दिवा लागून राहिला तर स्कॅनरवर कोड वाचून घ्या.

पुढे सांभाळताना

बाहेरचा फिल्टर गाडीच्या पुस्तकातल्या किलोमीटरला बदला, धुळीच्या रस्त्यावर जास्त फिरत असाल तर थोडा आधी. गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. पेट्रोल भरायला गेलात आणि टँकर खाली होत असेल तर पुढच्या पंपावर जा, त्या वेळी जमिनीखालच्या टाकीतला गाळ ढवळलेला असतो. पेट्रोलचा संशय आला तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, माप कमी वाटलं तर ५ लिटरचं मापही मागता येतं. दोन्ही प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो. बिल जपून ठेवा, तक्रार करायची तर तोच पुरावा.

राहिला जुना पंप आणि काढलेलं पेट्रोल. गाळ असलेलं पेट्रोल गाडीत परत ओतू नका, गटारात तर मुळीच नाही. पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात ठेवून गॅरेजवाल्याला द्या. थंड पेयाच्या बाटलीत घरात ठेवलेलं पेट्रोल कुणीतरी पाणी समजून तोंडाला लावतं. पेट्रोलने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर दोरीवर पसरून पूर्ण सुकू द्या. जुनी असेंब्लीही एक-दोन दिवस बाहेर निथळून वास गेल्यावरच भंगारवाल्याला द्या, आणि आत पेट्रोल होतं हे त्याला सांगा. तो ती कापायला कटर लावतो.